हृदयांतील गांठ आणि तिची पारख

"गांठ" हा शब्द कानांवर पडतांच सुशिक्षित घरांतही एकच भीति उभी राहते, आणि ती कर्करोगाची. त्यांतून ती गांठ हृदयांत आहे असें कळलें, तर घरच्या मंडळींचा धीर सुटावा यांत नवल नाहीं. परंतु हृदयाच्या बाबतींत ही पहिली भीति बहुतेक वेळां चुकीच्या दिशेची असते. हृदयाच्या कप्प्यांत जें नसावें तें दिसलें, तर पुष्कळदां ती गोठलेल्या रक्ताची गुठळी असते. कधीं तो झडपेवर जंतूंनीं बसविलेला थर असतो. कधीं शरीरांत दुसरीकडे उद्भवलेल्या कर्करोगाची ती शाखा असते. कधीं हृदयाच्याच भिंतींतून उगवलेलें, बहुधा सौम्य जातीचें अर्बुद असतें. आणि कधीं तर ती जन्मापासूनची एखादी साधी घडी असते, जिच्यापासून कोणासही अपाय नाहीं.

या पांचही गोष्टी तपासणीच्या पडद्यावर जवळजवळ सारख्या दिसूं शकतात. त्यांचे उपचार मात्र एकमेकांपासून फार दूरचे आहेत. गुठळीला रक्त पातळ ठेवणारें औषध लागतें. जंतूंच्या थराला कित्येक आठवडे शिरेवाटे जंतुनाशक द्यावें लागतें, आणि त्या रोग्यास रक्त पातळ करणारें औषध दिल्यास मेंदूंत रक्तस्राव होण्याचें भय असतें. सौम्य अर्बुदाला औषध नाहींच; तें शस्त्रानें काढावें लागतें, आणि तेंही फार उशीर न करतां. जन्मजात घडीला कांहींच करावयाचें नसतें. म्हणजे या रोगांत "गांठ आहे" हें निदान नव्हे. तो प्रश्नाचा आरंभ होय. ती गांठ कशाची आहे, हें ठरविण्यांत रोग्याचें आयुष्य अडकलेलें असतें.

हृदयाची रचना थोडक्यांत ध्यानीं घेतली, तर पुढील विवेचन सुलभ होईल. हृदयाला चार कप्पे असतात. दोन वरचे आणि दोन खालचे. शरीरांतून आलेलें अशुद्ध रक्त उजव्या वरच्या कप्प्यांत येतें, तेथून उजव्या खालच्या कप्प्यांत, आणि मग फुप्फुसांत जातें. फुप्फुसांत शुद्ध झालेलें रक्त डाव्या वरच्या कप्प्यांत येतें, मधल्या झडपेंतून डाव्या खालच्या कप्प्यांत उतरतें, आणि तेथून सर्व शरीरास पोंचतें. यावरून एक गोष्ट आपोआप निघते. उजव्या बाजूच्या गांठीचा तुकडा सुटला, तर तो फुप्फुसांत जाऊन अडकतो. डाव्या बाजूचा तुकडा सुटला, तर तो मेंदूकडे, मूत्रपिंडाकडे, आंतड्याकडे किंवा पायाकडे जातो. धडधाकट दिसणाऱ्या माणसास एकाएकीं अर्धांगवायु होतो, किंवा एखादा पाय थंड आणि निळा पडतो, तेव्हां मूळ कारण कित्येकदां हृदयाच्या डाव्या बाजूस असतें, तें या वाटेनें.

हृदयाचें स्वतःचें अर्बुद ही फार विरळ वस्तु आहे. शवविच्छेदनांच्या मोठ्या नोंदी तपासल्या असतां, दर दहा हजारांत सुमारें दोन देहांत तें आढळतें. त्यांपैकीं तीन चतुर्थांश अर्बुदें सौम्य जातीचीं असतात, म्हणजे तीं इतर अवयवांत पसरत नाहींत. प्रौढांतील सौम्य अर्बुदांत सर्वांत अधिक आढळणारें म्हणजे मिक्सोमा. सौम्य अर्बुदांपैकीं सुमारें निम्मीं याच जातीचीं असतात. उलट दुसऱ्या अवयवांतील कर्करोग हृदयापर्यंत पोंचण्याचें प्रमाण हृदयाच्या स्वतःच्या अर्बुदापेक्षां वीस ते चाळीस पटींनीं अधिक आहे. फुप्फुस, स्तन आणि रसग्रंथी यांचे कर्करोग, तसेंच त्वचेचा मेलॅनोमा नांवाचा कर्करोग, हे त्यांत प्रमुख होत.

इतक्या विरळ वस्तूचा शोध जिवंत माणसांत लागावयास फार काळ जावा लागला. इटलींतील शरीरशास्त्रज्ञ रेआल्दो कोलोंबो याच्या १५५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत हृदयांतील अशा वाढीचा उल्लेख आहे. त्यानंतर जवळजवळ पावणेचारशें वर्षें हृदयाचें अर्बुद हा केवळ शवागारांतला शोध राहिला. १९३४ सालीं अमेरिकेंत बार्न्स आणि त्यांचे सहकारी यांनीं हृदयाच्या विद्युल्लेखाच्या आणि शरीरांत पसरलेल्या एका ग्रंथीच्या तुकड्याच्या आधारें हृदयाच्या घातक अर्बुदाचें निदान रोगी जिवंत असतांना केलें. १९५२ सालीं गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनीं रक्तांत रंगद्रव्य सोडून क्षकिरणांनीं डाव्या वरच्या कप्प्यांतील मिक्सोमा ओळखल्याची हकीकत प्रसिद्ध केली. आणि १९५४ सालीं स्टॉकहोम येथें क्लॅरेन्स क्राफोर्ड या शल्यविशारदानें, रक्ताभिसरणाचें काम यंत्रावर सोंपवून, उघड्या हृदयांतून असा मिक्सोमा यशस्वी रीतीनें काढला.

निदानाची खरी वाट मात्र एका निराळ्याच ठिकाणाहून उघडली. स्वीडनमधील लुंड येथील डॉक्टर इंगे एडलर आणि पदार्थविज्ञानवेत्ते हेलमुथ हेर्ट्झ यांनीं १९५३ सालीं जहाजें बांधणाऱ्या एका कारखान्यांतून एक यंत्र उसनें आणलें. धातूच्या जाड पत्र्यांतील भेग किंवा पोकळी शोधण्यासाठीं तें वापरीत असत. कानास ऐकूं न येणारा अतिसूक्ष्म ध्वनि पत्र्यांत सोडावयाचा, आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून आंतील दोष ओळखावयाचा, असा त्याचा धर्म. तेंच यंत्र त्यांनीं छातीवर टेकविलें, आणि हृदयाची हालचाल कागदावर उमटली. पुढें सहाच वर्षांनीं, १९५९ सालीं, जर्मनींतील एफर्ट आणि डोमानिग यांनीं या ध्वनीच्या साह्यानें डाव्या वरच्या कप्प्यांतील अर्बुद दाखवून दिलें. आज गांवोगांवचे लोक ज्या तपासणीस "टू-डी एको" म्हणतात, ती याच यंत्राची सुधारलेली संतति होय. तींत सुई नाहीं, क्षकिरण नाहींत, आणि रोग्यास कसलीही वेदना नाहीं.

आतां मिक्सोमाचें स्वरूप पाहूं गेल्यास तें मोठें चमत्कारिक दिसतें. सुमारें पाऊणशें टक्के मिक्सोमा डाव्या वरच्या कप्प्यांत असतात आणि पंधरा ते वीस टक्के उजव्या वरच्या कप्प्यांत. दोन्ही वरच्या कप्प्यांमधील पडद्यावर एक उथळ खळगी असते. तेथें अर्बुदाचा देठ चिकटलेला असतो, आणि त्या देठावर बुळबुळीत, मऊ, कधीं द्राक्षांच्या घडासारखा गोळा लोंबकळत असतो. त्याची लांबी साधारणपणें पांच-सहा सेंटिमीटर भरते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो झुलतो. कप्पा रिता होतांना झडपेच्या तोंडाशीं येऊन तो वाट अडवितो, आणि पुढच्या क्षणीं मागें हटतो. हा रोग तीस ते साठ या वयांत अधिक दिसतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक.

त्याचीं लक्षणें तीन प्रकारचीं असतात. पहिला प्रकार अडथळ्याचा: जिना चढतांना धाप लागणें, रात्रीं श्वास कोंडून उठून बसावें लागणें, वांकतांना किंवा कूस बदलतांना घेरी येणें. दुसरा प्रकार तुकडा सुटण्याचा: दर शंभर रोग्यांत तीस ते चाळिसांस केव्हां ना केव्हां असा तुकडा सुटून मेंदूस किंवा इतर अवयवास इजा होते. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. बारीक ताप राहतो, वजन घटतें, सांधे दुखतात, अशक्तपणा येतो, रक्ताच्या तपासणींत दाह दर्शविणारे आंकडे वाढलेले दिसतात. अर्बुदांतून इंटरल्यूकिन-६ नांवाचें एक द्रव्य रक्तांत मिसळतें, आणि त्यामुळें सारें शरीर जणुं एखाद्या जुनाट तापाशीं झगडत असल्यासारखें वागूं लागतें.

वर्धा जिल्ह्यासारख्या भागांत या तीनही प्रकारांना दुसरीं, कितीतरी परिचित स्पष्टीकरणें आधींच तयार असतात. आणि तेथेंच निदानाची कसोटी लागते. समजा, हिंगणघाट तालुक्यांतील एका कापूस पिकविणाऱ्या घरांतील चाळिशीची गृहिणी सहा महिने धाप आणि बारीक ताप यांनीं त्रस्त आहे. तिच्या छातीस नळी लावली असतां डाव्या मधल्या झडपेचें तोंड अरुंद झाल्यासारखा आवाज ऐकूं येतो. आपल्या देशांत लहानपणच्या सांध्यांच्या तापानें, म्हणजे रूमॅटिक तापानें, झडप आकसणें ही गोष्ट इतकी नेहमींची आहे, कीं डॉक्टरच्या मनांत तेंच प्रथम यावें हें स्वाभाविक होय. मग तिला दर तीन आठवड्यांनीं पेनिसिलिनची सुई सुरू होते. ताप आणि वजन घटणें पाहून दुसऱ्या एखाद्यास क्षयाची शंका येते. तिच्याऐवजीं एखाद्या तरुणास अर्धांगवायु झाला, तर विदर्भांत सिकलसेलच्या आजाराचा विचार करणेंही अवश्य असतें, कारण तो रोग या भागांतील अनेक समाजांत आढळतो आणि तोही कोवळ्या वयांत मेंदूचा रक्तपुरवठा तोडतो. या साऱ्या शंका योग्यच आहेत. संख्येनें पाहिलें तर त्याच बहुधा खऱ्याही ठरतील. परंतु त्यांपैकीं एकही शंका पडताळून न पाहतां खरी धरली, तर शंभरांतून एखादी स्त्री वर्षानुवर्षें चुकीचें औषध घेत राहते, आणि तिच्या हृदयांतला गोळा झुलत राहतो.

ही पडताळणी आज जिल्ह्याच्या आंतच होऊं शकते, ही समाधानाची गोष्ट आहे. वर्धा शहरापासून सुमारें आठ किलोमीटरांवर सेवाग्राम आहे. गांधीजींच्या निकटवर्ती डॉक्टर सुशीला नायर यांनीं तेथें चालविलेल्या छोट्या दवाखान्यांतून कस्तुरबा रुग्णालय वाढलें. गांधी जन्मशताब्दीच्या १९६९ सालीं त्याच जागीं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. ग्रामीण भागांत काढलेलें देशांतील पहिलें वैद्यकीय महाविद्यालय म्हणून तिची ख्याति आहे. सावंगी मेघे येथें १९९० पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय चालतें, आणि त्यास आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय जोडलेलें आहे. एका लहान जिल्ह्यांत दोन वैद्यकीय महाविद्यालयें असणें ही सामान्य गोष्ट नव्हे. अंतराचा अडथळा त्यामुळें पुष्कळ कमी झाला आहे. उरतो तो शंकेचा प्रश्न. कारण ज्याची शंका आली नाहीं, त्याची तपासणी कोणी मागत नाहीं.

शंका येण्यास पहिलें साधन अजूनही कान आणि प्रश्न हेंच आहे. आकसलेल्या झडपेचा आवाज रोगी बसला काय, निजला काय, साधारण सारखा राहतो. मिक्सोमाचा आवाज अंगस्थितीबरोबर बदलतो. कधीं तो स्पष्ट ऐकूं येतो, तर कूस बदलतांच नाहींसा होतो. गोळा झडपेशीं येऊन एकदम थांबतो, तेव्हां एक बोदा "धप्प" असा स्वर कांहीं रोग्यांत ऐकूं येतो. म्हणून घेरी केव्हां येते, कोणत्या बाजूस निजल्यानें धाप वाढते आणि कोणत्या बाजूस कमी होते, हे प्रश्न किरकोळ नव्हेत. लहानपणीं सांधे सुजून ताप आला होता काय, हें विचारणेंही तितकेंच महत्त्वाचें. तथापि कानाच्या या खुणा सर्वच रोग्यांत सांपडत नाहींत. विद्युल्लेख आणि छातीचें क्षकिरणचित्र यांत कप्पा मोठा झाल्याचें दिसूं शकतें, पण गोळ्याची जात त्यावरून कळत नाहीं. म्हणून झडपेचा आवाज ऐकूं आलेल्या, अथवा कारणावांचून अर्धांगवायु झालेल्या प्रत्येक तरुण वा मध्यमवयीन माणसाचा एको एकदां तरी झालाच पाहिजे.

एकोच्या पडद्यावर गांठ दिसल्यावर कुशल डॉक्टर चार प्रश्न क्रमानें विचारतो. ती कोठें आहे? ती कशास आणि कशी चिकटली आहे? ती कशी हालते? आणि ती कोणत्या माणसाच्या हृदयांत आहे? या चारांपैकीं शेवटचा प्रश्न यंत्रास ठाऊक नसतो. तो रोग्याच्या हकीकतींतूनच सुटतो.

डाव्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यांत कानाच्या पाळीसारखी एक पिशवी असते. झडप आकसलेली आहे, नाडी अनियमित आहे, कप्पा ताणून मोठा झाला आहे, आणि त्या पिशवींत गांठ आहे, असें दिसल्यास ती गुठळी असण्याचा संभव फार. रक्त जेथें साचतें तेथें गोठतें, हा साधा नियम आहे. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यानंतर डाव्या खालच्या कप्प्याचें टोंक हालेनासें होतें. त्या निश्चल टोंकांत दिसणारी गांठही बहुधा गुठळीच. याउलट कप्प्यांमधल्या पडद्यावर देठानें चिकटलेला, झुलणारा गोळा दिसला आणि रक्त साचण्याचें कारण दिसलें नाहीं, तर मिक्सोमाकडे कल जातो.

गांठ झडपेवरच असेल तर विचार निराळा. ताप आहे, झडप गळूं लागली आहे, आणि रक्तांत जंतु वाढतात, असें आढळल्यास तो जंतूंचा थर होय. म्हणूनच जंतुनाशक औषध सुरू करण्यापूर्वीं रक्ताचे नमुने वाढीसाठीं घेण्याचा नियम आहे. अर्धवट औषध आधींच पोटांत गेलें असेल, तर जंतु उगवत नाहींत आणि पुरावा पुसला जातो. ताप नाहीं, झडप शाबूत आहे, आणि तिच्यावर समुद्रांतील फुलासारखें झालरीचें एक बारीक अर्बुद आहे, असेंही कधीं दिसतें. त्यास पॅपिलरी फायब्रोइलॅस्टोमा म्हणतात. झडपांवरील अर्बुदांत तें सर्वांत अधिक आढळतें. तें आकारानें लहान असलें तरी त्याचा तुकडा मेंदूकडे जाऊं शकतो.

आपल्याकडे आणखी एका विरळ शक्यतेची आठवण ठेवावी लागते. कुत्रीं आणि मेंढ्या यांच्यामार्फत पसरणाऱ्या एका जंताची पाण्यानें भरलेली पिशवी, जिला हायडॅटिड म्हणतात, ती बहुधा यकृतांत किंवा फुप्फुसांत असते. क्वचित् हृदयांतही आढळते. तींत सुई टोंचणें धोक्याचें असतें, कारण ती फुटल्यास शरीरास जबर धक्का बसूं शकतो.

जितकें महत्त्व गांठ ओळखण्यास, तितकेंच जी गांठ नाहीं ती ओळखण्यास. उजव्या वरच्या कप्प्यांत गर्भावस्थेंतील एका झडपेचा अवशेष कांहीं माणसांत जन्मभर राहतो. कांहींच्यांत जाळीसारखे बारीक तंतु फडफडतांना दिसतात. हान्स किआरी यानें १८९७ सालीं त्यांचें वर्णन केल्यामुळें त्या जाळ्यास त्याचें नांव मिळालें. डाव्या वरच्या कप्प्यांतील एका नैसर्गिक कडेस तर इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांनीं रक्त पातळ करणाऱ्या औषधाचेंच नांव देऊन "कूमाडिन रिज" म्हटलें. कारण उघड आहे: त्या निरुपद्रवी कडेस गुठळी समजून पूर्वीं लोकांना तें औषध देण्यांत येत असे. एका नांवांत सांठविलेली ही सूचना प्रत्येक तपासनिसानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

घातक अर्बुदांची लक्षणेंही ठराविक असतात. प्रौढांतील हृदयाच्या घातक अर्बुदांत अँजिओसार्कोमा हें अधिक आढळतें. तें बहुधा उजव्या वरच्या कप्प्यांत रुंद पायानें रुतून बसतें, भिंत पोखरतें, आणि हृदयाभोंवतींच्या आवरणांत रक्तमिश्रित पाणी सांचवितें. देठ नसणें, एकापेक्षां अधिक कप्प्यांत वा भिंतीच्या आरपार वाढ असणें, आवरणांत पाणी असणें, हीं चिन्हें दिसलीं कीं संशय बळावतो. मूत्रपिंडाचा कर्करोग पोटांतील मोठ्या शिरेंतून वर चढत चढत उजव्या कप्प्यापर्यंत येऊं शकतो. तेव्हां हृदयांतील गांठीचें मूळ पोटांत सांपडतें. म्हणून उजव्या बाजूची गांठ दिसतांच तपासणी छातीपुरती न ठेवतां पोटापर्यंत नेणें अगत्याचें असतें.

छातीवरून केलेल्या एकोनें उलगडा झाला नाहीं, तर अन्ननलिकेंतून एक लवचिक नळी उतरवून हृदयाच्या पाठीमागून एको करतात. अन्ननलिका डाव्या वरच्या कप्प्यास अगदीं लागून असल्यामुळें चित्र फार स्वच्छ येतें. देठ कोठें आहे, पिशवींत गुठळी आहे काय, झडपेवर बारीक थर आहे काय, हें त्यांत कळतें. त्यापुढील साधन म्हणजे चुंबकीय प्रतिमा, जिला लोक एमआरआय म्हणतात. शिरेंतून एक द्रव्य सोडून प्रतिमा घेतली असतां एक महत्त्वाचा भेद दिसतो. अर्बुद ही जिवंत पेशींची वाढ आहे, तीस रक्तवाहिन्या असतात, म्हणून तीं तें द्रव्य घेतें. गुठळी निर्जीव असते. ती बहुधा तें घेत नाहीं आणि काळीच राहते. चरबीचें अर्बुद असेल, तर चरबीची खूण त्या प्रतिमेंत निराळी ओळखूं येते. सीटी स्कॅननें चुन्याचे कण, चरबी आणि फुप्फुसांतील मूळ रोग यांचा पत्ता लागतो. प्रत्येक रोग्यास या सर्व तपासण्या लागत नाहींत. देठासहित झुलणारा नमुनेदार मिक्सोमा दिसला, तर चांगला एको बहुधा पुरेसा होतो.

इतर अवयवांतील गांठीचा तुकडा सुईनें काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची रीत सर्वांस परिचित आहे. हृदयाच्या डाव्या बाजूस ती सहसा वापरीत नाहींत, कारण सुईच्या धक्क्यानें सुटलेला तुकडा सरळ मेंदूकडे जाऊं शकतो. तेथें शस्त्रक्रिया हेंच निदान आणि तोच उपचार असतो. काढलेला संपूर्ण गोळा प्रयोगशाळेंत जातो, आणि अखेरचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा असतो. उजव्या बाजूस मात्र रसग्रंथींच्या कर्करोगाची शंका असल्यास शिरेंतून चिमटा नेऊन तुकडा घेणें हितावह ठरतें, कारण तो रोग औषधांनीं वितळूं शकतो आणि छाती उघडण्याची गरजच राहत नाहीं. याच संदर्भांत एक साधी गोष्ट पुष्कळ प्रसंगीं निर्णायक ठरते. पायाच्या किंवा हाताच्या रक्तवाहिनींतून अडकलेली "गुठळी" शस्त्रानें काढली, तर ती फेंकून न देतां प्रयोगशाळेंत पाठवावी. ती गुठळी नसून मिक्सोमाचा तुकडा असल्याचें तेथेंच प्रथम उघड झालें, अशीं उदाहरणें वैद्यकीय वाङ्मयांत आहेत.

मिक्सोमाचें निदान ठरलें, कीं शस्त्रक्रिया लांबवूं नये, कारण पुढचा तुकडा केव्हां सुटेल याचा भरंवसा नसतो. देठ ज्या पडद्यावर असतो त्याचा भोंवतालचा भागही काढतात, म्हणजे मूळ उरत नाहीं. बहुतेक रोगी त्यानंतर पूर्ववत् कामास लागतात. ज्यांच्या घराण्यांत हा रोग नाहीं, त्यांच्यांत तो पुन्हा उद्भवण्याचें प्रमाण शंभरांत सुमारें तीन आहे. कांहीं थोड्या घराण्यांत मात्र तो आनुवंशिक असतो. जे. एडन कार्नी यांनीं १९८५ सालीं वर्णिलेल्या अशा प्रकारांत मिक्सोमा कमी वयांत, एकाहून अधिक ठिकाणीं आणि पुन्हा पुन्हा येतो. त्वचेवर, विशेषतः ओठ आणि पापण्या यांच्याभोंवतीं, काळसर ठिपके दिसतात. अशा घरांत भावंडांचा आणि मुलांचाही एको करून घ्यावा लागतो.

उघड्या हृदयाची शस्त्रक्रिया म्हटली कीं खर्चाचा विचार आधीं उभा राहतो. वर्ध्याहून सुमारें पाऊणशें किलोमीटरांवर नागपुरास अशीं शस्त्रक्रिया-केंद्रें आहेत. राज्य शासनानें २०१२ सालीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. २०१७ सालीं तिलाच महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना हें नांव मिळालें. हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया तींत येतात. रोगी दाखल होतांनाच रुग्णालयांतील योजनेच्या कक्षांत चौकशी केली, तर जमीन किंवा दागिने गहाण ठेवण्याचा प्रसंग पुष्कळांवरून टळूं शकतो.

आतां घरच्या माणसांनीं करावयाचें काम कोणतें, हें पाहणें उरतें. निदान हें डॉक्टरांचें कार्य असलें, तरी त्यास लागणारी सामग्री बरीचशी घरांतूनच येते. धाप केव्हांपासून लागते, घेरी कोणत्या हालचालीनें येते, ताप किती दिवसांचा आहे, वजन किती उतरलें, लहानपणीं कोणता आजार झाला होता, घराण्यांत कोणास तरुणपणीं अर्धांगवायु झाला होता काय, हें सारें एका कागदावर लिहून नेलें, तर पहिल्याच भेटींत अर्धें काम होतें. जुने विद्युल्लेख, एकोचे अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या फाडून टाकूं नयेत. मागील चित्राशीं तुलना केली असतां गांठ नवी आहे कीं जुनी, वाढली कीं घटली, हें कळतें. रक्त पातळ करणाऱ्या औषधानें कांहीं आठवड्यांत लहान झालेली गांठ ही बहुधा गुठळी होती, हें अशा तुलनेवरूनच सिद्ध होतें. मात्र असें औषध स्वतःच्या मनानें सुरू किंवा बंद करणें हें दोन्ही सारखेंच घातक आहे.

आणि अहवालांत "गांठ" हा शब्द वाचतांच शोक करूं लागण्याऐवजीं डॉक्टरांना शांतपणें विचारावें: ही गांठ गुठळी असूं शकेल काय, जंतूंची असूं शकेल काय, नैसर्गिक घडी असूं शकेल काय, आणि हें ठरविण्यासाठीं पुढची तपासणी कोणती? त्याचप्रमाणें झडपेच्या रोगासाठीं वर्षानुवर्षें औषध घेणाऱ्या ज्या माणसाचा एको एकदांही झाला नसेल, त्याच्या घरच्यांनीं तो करवून घेण्याचा आग्रह धरावा. त्या तपासणीस थोडाच वेळ लागतो. तींतून बहुतेकांच्या बाबतींत झडपेचाच रोग निघेल, आणि चालू उपचार योग्य असल्याची खात्री पटेल. क्वचित् एखाद्याच्या बाबतींत मात्र तीच तपासणी अर्धांगवायु येण्याच्या आधीं त्याच्या हृदयांतला गोळा दाखवून देईल, आणि तो काढतां येईल.